भाड्याची कुंडी

मार्कहॅम,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

चि. भगवान यास,

गंगुबाईचा जय भीम आणि पाठीत एक धपाटा.

धपाटा अशासाठी, की एकवीस दिवस झाले तरी तुझं पत्र नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, मला लिहिता येत नाही. आईनं आपल्या दोघांचा मिळून एकच माणूस केला असता तर तिचं एक बाळंतपण तरी वाचलं असतं. लिहिणारी नेहमीचीच, आमच्या बेसमेंटमधली कृतिका. नांदेडची. कॉलेजात शिकते, पहाटे कॉफीच्या दुकानात उभी राहते आणि रविवारी माझी कारकून होते. पत्राचा फोटो काढून तुझ्या जावयाच्या, नंदनच्या, फोनवर धाडते. म्हणजे उत्तर द्यायला तुला पोस्टात जायचं नाही, नुसता चष्मा शोधायचा आहे. तरी एकवीस दिवस!

बरं, आता बातमी ऐक. आमच्या दारात कुंडी आली आहे.

हसू नको. आपल्या भोसरीच्या कोपऱ्यावरची पालिकेची कचराकुंडी आठव, आणि तशा चार कुंड्या एकापुढे एक लाव. एवढी. लोखंडी, हिरवी, मागे दरवाजा. काल सकाळी ट्रक आला आणि ड्राइव्हवेवर फळ्या टाकून त्यांच्यावर ती अशी अलगद उतरवली, जशी काय नवरीच. इथं तिला बिन म्हणतात. घराचं छप्पर बदलायचंय. छपरावर पत्रा नाही, कौल नाही, डांबर फासलेल्या पुठ्ठ्यासारखे तुकडे असतात, त्यांना शिंगल म्हणतात. वीस वर्षांत ते कुजले. ईशिताच्या, म्हणजे माझ्या नातीच्या, खोलीत भिंतीवर पाण्याचा नकाशा उमटलाय. विमावाल्यांनी कळवलंय, पंधरा नोव्हेंबरच्या आत छप्पर नवं करा, नाहीतर घराचा विमा बंद. आणि त्याआधी बर्फ आला तर विमा कशाला, घरच बंद. म्हणून प्रीतमनं एका सरदारजीला काम दिलं. तो उद्यापासून जुने शिंगल ओरबाडून या कुंडीत टाकणार.

प्रीतम आणि सूनबाई स्वाती काल दुपारी ईशिताला घेऊन कुणाच्या तरी वाढदिवसाला गेले. घरात मी आणि ती कुंडी. रिकामी! भगवान, उभ्या जन्मात मी रिकामी कुंडी पाहिली नव्हती. आत जाऊन उभी राहिले. आवाज घुमतो. माणसाला संसार थाटता येईल.

समोरचा चिनी म्हातारा नेहमीसारखा टोपी घालून बाहेर उभा होता. त्याच्या गॅरेजमध्ये जुना फ्रीज पडलेला मी उन्हाळ्यापासून बघते. त्यानं कुंडीकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. त्याला मराठी येत नाही, मला चिनी येत नाही, इंग्रजी दोघांनाही येत नाही. पण कचऱ्याची भाषा सगळीकडे एकच. मी हात केला, टाका! कुंडी काय कुणाच्या एकट्याच्या मालकीची असते? त्यानं दोनदा वाकून नमस्कार केला आणि मुलाला घेऊन फ्रीज आणला. मग कोपऱ्यावरची तमिळ बाई आली, रंगाचे डबे घेऊन. मग आणखी दोघं. मी दरवाजात उभी राहून मुकादमासारखी हात करत होते, इकडे ठेवा, कडेला ठेवा. कृतिकालाही म्हटलं, तुझी ती मोडक्या स्प्रिंगांची गादी टाकून दे, पाठ मोडेल. तिच्या मैत्रिणी गाडी घेऊन आल्याच होत्या, त्यांनी उचलून टाकली.

या गल्लीत तीन वर्षं राहते मी, पण काल पहिल्यांदा चार माणसं माझ्याशी हसली.

प्रीतमला यातलं सांगितलं नाही. उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या निळ्या डब्यांतून मी कॅन वेचले, तेव्हा तो म्हणाला होता, "आई, पुन्हा असं केलंस तर विमानात बसवीन." त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलंय, आई पुण्याला पालिकेत होती. खोटं नाही. पालिकेच्याच कुंडीत होते की.

तुझी,
गंगाअक्का

---

पुणे,
२८ ऑक्टोबर

गंगाअक्कास,
भगवानचा सप्रेम जय भीम.

उशीर झाला, चूक कबूल. चष्मा होता, पण एक काच नव्हती. नंदननं काल बसवून आणली.

तुझं पत्र पोरीला वाचून दाखवलं, ती पोट धरून हसली. मी मात्र एका जागी अडकलो. अक्का, ती कुंडी पालिकेची आहे की भाड्याची? प्रीतमनं भाड्यानं आणली असेल तर गोष्ट निराळी. मी टेम्पो भाड्यानं घेतला आणि शेजाऱ्यानं त्यात आपलं कपाट ठेवलं, तर टेम्पोवाला मला विचारणार. शिवाय ती डांबरी मालासाठी आणली असेल तर डांबरीच माल लागेल. माझ्या भंगाराच्या दुकानात पत्र्याच्या गोणीत काच निघाली तर मी अख्खी गोणी परत करायचो, तुझी असली तरी. आठवतं ना, किती शिव्या द्यायचीस!

आणि फ्रीजच्या पोटात गॅस असतो. रंगाचे डबेसुद्धा कुणी घेत नाही.

बहुतेक तिकडची रीत वेगळी असेल. पण प्रीतमला सांगून टाक. आजच सांग. सरदारजीनं वरून माल ओतायच्या आत.

आणि विमानात बसवलंच तर बस. इथं एक खाट आहे.

तुझा,
भगवान

---

मार्कहॅम,
बुधवार, २९ ऑक्टोबर

चि. भगवान,

तुझं पत्र आलं तेव्हा सरदारजीचा माल ओतून एक दिवस झाला होता. तुझ्या चष्म्याच्या त्या काचेनं माझं घर बुडवलं असं म्हणणार होते, पण म्हणत नाही. बुडवलं मीच.

सोमवारी त्याच्या माणसांनी मागच्या अंगाचं अर्धं छप्पर सोलून काढलं. धडाधड शिंगल कुंडीत. आत काय आहे ते बघायला कुणाला सवड होती? कुंडी आतल्या खुणेच्या रेघेपर्यंत भरली. काल सकाळी ट्रकवाला भरलेली नेऊन रिकामी ठेवायला आला. वर चढला, काठीनं दोनदा टोचलं, आणि खाली उतरून नाही म्हणाला. गादीचा कोपरा वर आला होता, त्याच्याखाली फ्रीजची पाठ. ही कुंडी फक्त शिंगलची आहे, कागदावर तशी सही आहे. फ्रीज असलेली कुंडी मी उचलणार नाही. आतलं सगळं बाहेर काढा, शुक्रवारी सकाळी पुन्हा येईन, त्यानंतर थेट पुढच्या आठवड्यात. दुसरी कुंडी मागितली तर म्हणे ड्राइव्हवेवर जागा कुठंय?

कुंडी अडली तर सरदारजी अडला. जुनं टाकायचं कुठं? त्यानं उघड्या भागावर निळी ताडपत्री ठोकली, आणि शनिवारी बर्फ आहे, मला फोन करा, असं सांगून गेला.

काल दुपारपासून पाऊस. ताडपत्री एका कडेनं उडाली. ईशिताच्या खोलीतलं छत फुगलं, पोळी फुगते तसं, आणि मग फाटून तिच्या पलंगावर पडलं. बरं झालं, पोर शाळेत होती. आता बादल्या, पातेली, परात, भाताचा कुकरसुद्धा, सगळं वर मांडलंय. घरभर टपटप. प्रीतम कामावर गेला नाही. पावसात कुंडीवर उभा राहून फावड्यानं शिंगल उपसतो, घराच्या बाजूनं, जिथं सगळ्यात उंच ढीग आहे तिथं. चार फावडी काढली की तीन परत घसरतात. त्याचे हात फुटलेत. काल जेवताना घास हातात धरून बसला आणि म्हणाला, "आई, हे घर माझ्या हातून जाणार बहुतेक." भगवान, हे पोरगं दहावीला पडक्या शाळेत बसून पहिलं आलं होतं, तेव्हाही इतकं बारीक तोंड केलं नव्हतं.

दोन घरी जाऊन त्यानं विचारलं, फ्रीज तुमचा का? दोघांनीही माना हलवल्या. मग फ्रीज काय स्वतःच्या पायांनी चालत आला?

आणि मग स्वातीला गादी ओळखू आली.

पुढचं ही पोरगी लिहीत नाहीये. म्हणते, आजी, हे नको. मी म्हणते, लिही. मी सांगते तेवढं लिहायचं, हा आपला करार आहे.

स्वाती खाली बेसमेंटमध्ये गेली आणि कृतिकाला म्हणाली, "तुझ्या मैत्रिणी गाडी घेऊन आल्या होत्या, मी कॅमेऱ्यात बघितलं. गादी टाकलीस, आणि कुणाकुणाला काय काय टाकायला सांगितलंस? आम्ही घर दिलं तुला." कॅमेरा म्हणे नुसता पुढच्या दाराचा. गाडी दिसते, कुंडी दिसत नाही. कृतिका म्हणाली, "गादी माझी आहे." बस, एवढंच. स्वाती म्हणाली, गुरुवारी खोली रिकामी कर.

मी जिन्यात उभी होते. हातात परात होती. बोलले नाही.

रात्री हिला विचारलं, का गं गप्प बसलीस? तर म्हणते, "तुम्हाला विमानात बसवतील आजी. मला काय, दुसरी खोली मिळेल." खोटारडी! ही खोली शोधायला तिला तीन महिने लागले होते. परीक्षा तोंडावर आहे. एका मैत्रिणीकडे ब्रॅम्प्टनला सहाजणी एका खोलीत राहतात, तिथं सातवी होणार.

मी उद्या सांगेन म्हणते. कालही हेच म्हणत होते.

तुझी अक्का

---

पुणे,
३० ऑक्टोबर

गंगाअक्कास,

हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार ते मला माहीत आहे. म्हणून पहिल्यांदा तिलाच विनंती. पोरी, मधलं काही गाळू नकोस. मी सांगायला चाळीस वर्षं लावली आहेत.

अक्का, त्या सोसायटीतली समई आठवते? त्या बाईची पितळी समई नाहीशी झाली आणि तुझ्या गोणीवर आळ आला. तुला चौकीत दोन दिवस बसवलं. तू सुटलीस, पण ती सोसायटी गेली, आणि तिच्याबरोबर पाच इमारतींचं काम गेलं. प्रीतम तेव्हा चार वर्षांचा होता, माझ्या दुकानात पोत्यावर झोपायचा.

ती समई माझ्याकडे आली होती. त्या बाईच्या थोरल्या मुलानंच आणली, तुकडे करून, पिशवीत. मी वजन करून घेतली. दुसऱ्या दिवशी तुला नेलं तेव्हा मला सगळं कळलं. चौकीवर जाऊन सांगितलं असतं तर तू तासाभरात सुटली असतीस. पण चोरीचा माल घेतला म्हणून मला आत टाकलं असतं. दुकान नवीन होतं. मी दुकान वाचवलं.

दोन दिवस मी चौकीच्या समोरच्या टपरीवर बसून होतो. तू नंतर म्हणालीस, भाऊ दोन दिवस उन्हात बसला. मी म्हटलं, हो.

अक्का, गप्प बसल्यानं काय होतं ते सांगतो. काहीच होत नाही. कुणी विचारत नाही, कुणी पकडत नाही. नुसतं, दरवेळी बहीण दुकानात आली की आपण तिच्याकडे पाठ करून तराजू पुसत राहतो. चाळीस वर्षं मी तोच तराजू पुसला.

आता कुंडीचं. प्रीतमला म्हणावं, वरून उपसू नको. मागचं दार उघड आणि तिथून काढ. लोकांनी माल दाराशीच टाकला असणार, आत कोण जातो?

तुझा अपराधी,
भगवान

---

मार्कहॅम,
रविवार, २ नोव्हेंबर

भगवान,

आजचं अक्षर निराळं दिसेल. कृतिका गेली. स्वाती म्हणाली, "द्या आई, मी लिहिते." समोर बसली आहे, चहाचा कप घेऊन. चांगली आहे माझी सून. हे तिनं लिहायला हवं, सुनांना स्वतःचं कौतुक लिहिताना लाज वाटते.

आधी घराचं. छप्पर झालं. काल संध्याकाळी शेवटचा शिंगल बसला आणि तासाभरानं बर्फ पडायला लागला. आत्ता पडतोय. आत टपटप नाही. परात स्वयंपाकघरात परत आली आहे.

कसं झालं ते सांगते. गुरुवारी सकाळी कृतिकानं तुझं पत्र वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही. वाचून झाल्यावर फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "मामांचं अक्षर छान आहे." मग आपल्या दोन बॅगा बाहेर काढल्या. आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "जेवून जा." ती म्हणाली, बस चुकेल.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीत होते. मग चपला घातल्या, गॅरेजमधलं बागेचं दाताळं घेतलं आणि कुंडीचं मागचं दार उघडलं. प्रीतम ढिगाच्या पार पलीकडे, वर. तो ओरडला, "आई, काय करतेस? लोक बघतायत." मी म्हटलं, बघू दे. थेट उजव्या कडेला गेले. शिंगल ओढले, रंगाचे डबे निघाले. पाच. मग डावीकडे, कमरेएवढ्या उंचीवर, दोन खुर्च्या. मग गादी. गादीच्या मागं फ्रीज. एकदाही चुकले नाही. प्रीतम खाली उतरून बघतच राहिला. "आई, तुला कसं कळलं कुठं काय आहे?"

मी म्हटलं, "तीस वर्षं कुंडीत काढली, अंदाज येतो."

मग तोही आला. दोघं अंधार पडेपर्यंत उपसत होतो. शहात्तर वर्षांची मी, आणि पाठीतून कळ निघाली तरी हात थांबले नाहीत, हातांना जुनी ओळख लागली. शेवटी चिनी म्हातारा बाहेर आला. ज्या हातानं टाका म्हटलं होतं, त्याच हातानं मी सांगितलं, न्या. त्यानं मान खाली घालून फ्रीज नेला. तमिळ बाईनं दार उघडलं नाही. तिचे डबे आमच्या गॅरेजमध्ये आहेत.

शुक्रवारी ट्रकवाल्यानं कुंडी उचलली. काल काम चालू असताना गल्लीतली माणसं जमली होती. प्रीतमनं माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मी ईशिताला विचारलं, काय म्हणतो गं? ती म्हणाली, "डॅड सेड, माय मदर वॉज अ वेस्ट पिकर फॉर थर्टी इयर्स, शी सेव्ह्ड अवर हाउस." मग मला समजेल असं सांगितलं, आजीनं तीस वर्षं कचरा वेचला, तिनंच आपलं घर वाचवलं. भगवान, चाळीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. पोरानं चारचौघांत, ताठ मानेनं म्हटलं. आणि ते ऐकताना मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

स्वाती, लिहिते आहेस ना? आता नीट लिही.

माल कुठं आहे तो अंदाज नव्हता. मला ठाऊक होतं, कारण मीच दारात उभी राहून एकेकाला सांगितलं होतं, इकडे ठेवा, कडेला ठेवा. सगळ्या गल्लीला मी बोलावलं. कृतिकाला गादी टाक असं मी म्हटलं. तिला सगळं माहीत होतं. रविवारी माझं पत्र तिनंच लिहिलं. तू जिन्याखाली तिला बोललीस तेव्हा मी वर परात घेऊन उभी होते. तिनं माझं नाव घेतलं नाही, मी तिचं घेतलं नाही.

भगवान, ही थांबली आहे. पेन कागदावर टेकवून बसलीये, डाग पडेल. लिही बाई. मला वाचता येत नाही. तू यातलं काय गाळलंस ते मला कधी कळणार नाही. उद्या कागदावर नुसतं "सगळे सुखरूप" लिहून मला दाखवलंस तरी मी मान डोलवीन. म्हणून सांगते, गाळू नको.

आणि भगवान, तुझ्या समईचं. चौकीतून सुटले त्या महिन्यात तू मला दोन लुगडी घेतली होतीस. मी साऱ्या वस्तीला दाखवत फिरले, बघा भाऊ किती जीव लावतो. आता त्या लुगड्यांचा हिशेब लागला. माफीबिफी मला येत नाही. पण तू टपरीवर दोन दिवस बसलास, तेवढं खरं होतं ना? मी तर खिडकी सोडून त्या पोरीमागं कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेले नाही.

प्रीतम खाली बेसमेंट पुसतोय. त्याला हे इथूनच हाक मारून सांगणार आहे. विमानात बसवायचं तर बसव म्हणावं. पण आधी त्या पोरीला आण.

तुझी,
गंगाअक्का

मामा,

आईंनी सांगितलं ते सगळं लिहिलं आहे. काही गाळलेलं नाही. मी त्यांना वाचूनही दाखवलं, दोनदा. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. प्रीतम जिन्यात उभा होता.

कृतिकाला तीनदा फोन लावला. उचलत नाही. मी काय बोलणार होते, मलाही माहीत नाही. म्हणून हे पत्रच पाठवते. तुमच्याआधी तिला.

स्वाती